पॅथॉलॉजिस्ट आणि रोगनिदान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात पॅथॉलॉजीची प्रॅक्टिस करताना काउंटरवर, फोनवर किंवा रिपोर्टचा फोटो पाठवून जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते येथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न रुग्णांच्या नातेवाइकांचे आहेत. काही तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या डॉक्टरांचे आणि परिचारिकांचे आहेत. उत्तरे सर्वसाधारण आहेत. एखाद्या विशिष्ट रिपोर्टचा अर्थ तो रिपोर्ट आणि रुग्ण या दोघांना पाहिलेल्या डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा.

१. लॅबमध्ये रक्त काढून घेणारी व्यक्ती म्हणजेच पॅथॉलॉजिस्ट का? तो डॉक्टर असतो का?

रक्त काढून घेतात ते बहुधा लॅब टेक्निशियन असतात आणि त्यांचे कामही कौशल्याचे आहे. पॅथॉलॉजिस्ट मात्र एम.बी.बी.एस. झाल्यानंतर याच विषयात एम.डी., डी.एन.बी. किंवा पदविका घेतलेला डॉक्टर असतो. रक्तातील पेशी, सुईने काढलेल्या पेशी आणि शस्त्रक्रियेत काढलेला अवयव किंवा त्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रोग कोणता, हे ठरवणे हे त्याचे मुख्य काम आहे. मराठीत यासाठी ‘विकृतिशास्त्र’ असा चांगला शब्द आहे. पण तो पाठ्यपुस्तकातच राहिला आणि लोकांच्या तोंडी पॅथॉलॉजीच रुळले.

लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही असावी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला. त्यामुळे रिपोर्ट हातात पडल्यावर आकड्यांच्या आधी खालची सही, नाव आणि नोंदणी क्रमांक पाहण्यात काही गैर नाही.

२. ऑपरेशन करून गाठ काढली, बाटली लॅबमध्ये दिली. आता रिपोर्टला चार-पाच दिवस का लागतात? रक्ताचा रिपोर्ट तर संध्याकाळी मिळतो.

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि त्यामागचे काम कोणाच्या दृष्टीस पडत नसल्याने उत्तर थोडे सविस्तर देतो.

रक्ताच्या बहुतांश चाचण्या यंत्र करते. तुकड्याचे तसे नाही. शरीरातून बाहेर निघालेली ऊती लगेच कुजू लागते, म्हणून ती फॉर्मॅलिनमध्ये ठेवून ‘पक्की’ करावी लागते. फॉर्मॅलिन ऊतीत अगदी सावकाश, ढोबळमानाने तासाला एक मिलिमीटर इतकेच, आत शिरते. त्यामुळे गर्भाशय किंवा स्तन यांसारखा मोठा अवयव आला, तर तो आधी चिरून पुन्हा रात्रभर फॉर्मॅलिनमध्ये ठेवावा लागतो. घाई केली तर बाहेरचा भाग पक्का होतो आणि मधला कच्चा राहतो. त्या कच्च्या भागातील पेशी नंतर कितीही चांगला सूक्ष्मदर्शक असला तरी नीट दिसत नाहीत.

त्यानंतर पॅथॉलॉजिस्ट तो अवयव हातात घेऊन पाहतो, मोजतो, चिरतो. याला आम्ही ग्रॉसिंग म्हणतो. गाठ किती सेंटिमीटरची आहे, कडेपासून किती दूर आहे, सोबत आलेल्या चरबीत लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) किती सापडतात, हे सारे या टप्प्यावर ठरते. अवयवाचा कोणता भाग पुढे तपासायचा याची निवडही येथेच होते, आणि माझ्या मते निदानाची निम्मी बाजू याच टेबलावर जिंकली किंवा हरली जाते, कारण जो भाग निवडलाच नाही तो सूक्ष्मदर्शकाखाली कधी येणार नाही.

निवडलेले तुकडे रात्रभर अल्कोहोल, झायलीन आणि सुमारे ६० अंश सेल्सिअसला वितळलेले पॅराफिन मेण यांतून जातात. मेणात गोठवलेल्या तुकड्याला ब्लॉक म्हणतात. मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्या ब्लॉकचे ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप काढतात, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा जेमतेम विसावा भाग. काप काचपट्टीवर घेऊन हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या रंगांनी रंगवला की पेशींची केंद्रके निळी-जांभळी आणि बाकीचा भाग गुलाबी दिसतो. तेव्हा कुठे खरी तपासणी सुरू होते. हाडाचा तुकडा असेल तर तो कापण्याजोगा मऊ होण्यासाठी आधी त्यातील कॅल्शियम आम्लाने काढावे लागते, त्यात आणखी काही दिवस जातात.

३. बाटली आम्हालाच घेऊन यायला सांगतात. वाटेत काय काळजी घ्यावी?

चंदगड, आजरा, गगनबावडा या भागांतून एस.टी.ने पिशवीत बाटली घेऊन येणारे नातेवाईक आम्ही रोज पाहतो. त्यांनी एवढे पाहावे की बाटली रुंद तोंडाची आहे, तुकडा फॉर्मॅलिनमध्ये पूर्ण बुडाला आहे आणि द्रव तुकड्याच्या साधारण दहापट आहे. रुग्णाचे नाव झाकणावर नव्हे तर बाटलीच्या अंगावर हवे. कारण झाकणे काढली जातात आणि बदलली जातात. फॉर्मॅलिनमधील तुकड्याला बर्फाची गरज नसते.

सलाइन, साधे पाणी किंवा स्पिरिट हे फॉर्मॅलिनला पर्याय नाहीत. काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयातून स्तनातील गाठ सलाइनमध्ये घालून शनिवारी दुपारी निघाली आणि आमच्या हाती सोमवारी सकाळी पडली. त्या बाईंना दुसऱ्यांदा भूल देऊन आजूबाजूचा भाग काढावा लागला. पहिल्या गाठीतील पेशींतून आम्हाला काहीच ठामपणे सांगता आले नाही. आठ-दहा रुपयांच्या फॉर्मॅलिनअभावी हे घडले, ही बोच अजून आहे.

या नियमाला महत्त्वाचे अपवाद दोन : क्षयरोगाचा संशय (प्रश्न १२) आणि शस्त्रक्रिया चालू असतानाची तपासणी (प्रश्न ९).

४. फॉर्मवर वय, जुने आजार, सोनोग्राफी असे सगळे का विचारता? तुकडा तर तुमच्यासमोरच आहे.

तीच काचपट्टी वेगवेगळ्या माणसांत वेगवेगळे बोलते. दहा वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याजवळच्या हाडातील गाठ आणि साठीतील माणसाच्या त्याच जागेवरची गाठ यांचे निदान एक्स-रे पाहिल्याशिवाय करू नये, असा दंडक आहे. कारण हाड मोडून जुळताना तयार होणारी नवी ऊती सूक्ष्मदर्शकाखाली कधीकधी कॅन्सरसारखी दिसते. गर्भाशयाच्या आतील आवरणाचा तुकडा वाचताना शेवटची पाळी कधी आली आणि हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत का, हे माहीत नसेल तर रिपोर्ट अर्धवट राहतो. आधी केमोथेरपी किंवा रेडिएशन झाले असेल तर ते लिहायला विसरू नये. त्यानंतर निरोगी पेशीही विचित्र दिसू लागतात.

अनेकदा फॉर्मवर केवळ ‘गाठ’ एवढाच शब्द असतो. कुठली, कधीपासून, डावी की उजवी, काहीच नाही. मग आम्ही फोन करत बसतो आणि रिपोर्ट एक दिवस लांबतो.

५. सुईची तपासणी आणि बायोप्सी यांत फरक काय? सुईने निदान होत असेल तर तुकडा कशाला काढायचा?

सुईच्या तपासणीत, म्हणजे एफएनएसीत, बारीक सुईने गाठीतील सुट्या पेशी ओढून घेतात. टाका नाही, भूल नाही, आणि उत्तर बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मिळते. बायोप्सीत ऊतीचा अखंड तुकडा मिळतो, म्हणजे पेशी एकमेकींशी कशा मांडलेल्या आहेत हे दिसते. सुईत विटा दिसतात, बायोप्सीत भिंत दिसते.

हा फरक सर्वांत जास्त कुठे नडतो, तर थायरॉइडमध्ये. फॉलिक्युलर प्रकारची साधी गाठ आणि त्याच प्रकारचा कॅन्सर यांच्या पेशी सुईत सारख्याच दिसतात. गाठीभोवतीचे वेष्टण भेदून पेशी बाहेर किंवा रक्तवाहिनीत शिरल्या आहेत का, यावरच त्यांतला भेद ठरतो, आणि ते पाहायला संपूर्ण गाठ काढून तिच्या वेष्टणाचे पुष्कळ काप घ्यावे लागतात. म्हणून थायरॉइडच्या रिपोर्टमध्ये ‘बेथेस्डा ४’ (फॉलिक्युलर गाठीचा संशय दाखवणारी श्रेणी) असे आले आणि सर्जननी शस्त्रक्रिया सुचवली, तर सुईची तपासणी वाया गेली असे समजू नये. जेवढे सांगणे तिला शक्य होते तेवढे तिने सांगितलेले असते.

६. सुई टोचली किंवा तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, असे सगळे म्हणतात. खरे आहे का?

स्तन, थायरॉइड, लसिकाग्रंथी, तोंड या नेहमीच्या जागांसाठी ही भीती बाळगू नये. या समजापायी सहा-सहा महिने तपासणी लांबवणारे लोक दिसतात, आणि त्या काळात कॅन्सर सुईविनाच पसरतो. गावाकडे ‘सुई मारली आणि महिन्यात माणूस गेला’ असे सांगतात, तेव्हा तो माणूस सुईपर्यंतच फार उशिरा पोहोचलेला असतो.

अपवाद आहेत आणि डॉक्टरांना ते माहीत असतात. यकृताच्या काही कॅन्सरमध्ये सुईच्या मार्गावर पेशी रुजल्याची उदाहरणे आहेत. म्हणून तेथे विशिष्ट प्रकारच्या सीटी किंवा एमआरआयवरून निदान पक्के होत असेल तर सुई टाळतात. अंडकोशात कॅन्सरचा संशय असेल तर सुई न टोचता जांघेतून छेद घेऊन अंडकोशच काढतात आणि मग तपासतात.

७. वडील तंबाखू खातात. तोंडात पांढरा चट्टा होता, रिपोर्टमध्ये ‘डिस्प्लेशिया’ आले. हा कॅन्सर आहे का?

नाही, पण त्या वाटेवरचा टप्पा आहे. तोंडाच्या आतील त्वचेच्या पेशी तळाशी जन्मतात आणि वर सरकत शिस्तीत पक्व होतात. तंबाखू-चुन्याच्या सततच्या माऱ्याने ही शिस्त बिघडते, त्याला डिस्प्लेशिया म्हणतात. तो सौम्य, मध्यम किंवा तीव्र असू शकतो. बिघडलेल्या पेशी तळाचा पडदा ओलांडून खाली उतरल्या की त्याला कॅन्सर म्हणतात. सौम्य डिस्प्लेशियातील काही चट्टे तंबाखू सोडल्यावर मागे हटतात. तीव्र असेल तर सर्जन बहुधा तो चट्टा काढून टाकतात. दोन्ही प्रकारांत नियमित तपासणीला यावेच लागते.

येथे घरातील बायकांच्या मिश्रीचा प्रश्नही तितकाच मोठा आहे, आणि ‘ती दात घासायला असते, खायला नव्हे’ असे उत्तर ठरलेले असते. हिरडीशी दोन-तीन वेळा रोज लावलेली भाजलेली तंबाखू ही तंबाखूच असते. माणसाच्या सवयी आणि कॅन्सरची जागा यांचा संबंध भारतात ज्यांनी प्रथम शास्त्रीय पद्धतीने मांडला, त्यांत मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत रामजी खानोलकर अग्रणी होते.

८. ग्रेड आणि स्टेज एकच का? आणि प्रोस्टेटच्या रिपोर्टमध्ये ‘३+४’ असे गणित का लिहितात?

स्टेज म्हणजे कॅन्सर किती पसरला. ग्रेड म्हणजे त्याच्या पेशी मूळ ऊतीपासून किती बिघडल्या. पहिल्या स्टेजचा कॅन्सर तिसऱ्या ग्रेडचा असू शकतो आणि उलटही होऊ शकते. स्तनाच्या कॅन्सरचा ग्रेड तीन गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ गुण देऊन ठरवतात : नलिका किती तयार होतात, केंद्रके किती वेडीवाकडी आहेत आणि विभागणाऱ्या पेशी किती दिसतात. बेरीज ३ ते ५ आल्यास ग्रेड १, ६ किंवा ७ आल्यास ग्रेड २, ८ किंवा ९ आल्यास ग्रेड ३.

प्रोस्टेटमध्ये डॉ. डोनाल्ड ग्लीसन यांची पद्धत वापरतात. सर्वांत जास्त दिसणारा नमुना आधी लिहितात, दुसरा नंतर. म्हणून ३+४ आणि ४+३ यांची बेरीज ७ असली तरी अर्थ एक नाही. ४+३ मध्ये अधिक आक्रमक भाग जास्त असतो. पुढील डॉक्टरांना फोनवर नुसते ‘सात आलेत’ असे सांगू नये, रिपोर्टच पाठवावा.

९. ऑपरेशन चालू असतानाच वीस मिनिटांत रिपोर्ट दिला, असे कळले. मग सर्वांनाच तसा का देत नाही?

त्याला फ्रोझन सेक्शन म्हणतात. शस्त्रक्रियागृहातून ताजा तुकडा, फॉर्मॅलिनविना, थेट लॅबमध्ये येतो. उणे २० अंशांच्या आसपास गोठवून त्याचा काप काढतात आणि पॅथॉलॉजिस्ट सर्जनना त्याच वेळी उत्तर कळवतो. गोठवताना पेशींत बर्फाचे कण होतात, चित्र अस्पष्ट होते, चरबीयुक्त ऊती तर नीट गोठतच नाही. त्यामुळे ज्या उत्तरावर शस्त्रक्रियेची पुढची पायरी ठरणार आहे, उदाहरणार्थ कापलेल्या कडेला कॅन्सर उरला आहे का, तेवढ्यापुरताच तो वापरावा. ‘लवकर कळावे’ हे त्याचे कारण होऊ शकत नाही. उरलेला तुकडा नेहमीच्या पद्धतीने तपासल्यानंतर येणारा रिपोर्टच अंतिम असतो, आणि क्वचित तो फ्रोझनपेक्षा वेगळा येतो.

१०. कॅन्सर आहे हे सांगून झाले. आता आणखी ‘आयएचसी’ करा म्हणतात. पैसे काढण्यासाठी तर नाही ना?

शंका रास्त आहे, कारण खर्च खरोखरच वाढतो. आयएचसीमध्ये त्याच ब्लॉकच्या कापावर विशिष्ट प्रथिने ओळखणारी प्रतिद्रव्ये लावतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ई.आर., पी.आर. आणि हर-२ या तीन चाचण्यांवर हार्मोनच्या गोळ्या लागू पडतील का, हे आणि हर-२विरोधी महागडे औषध द्यायचे का, हे ठरते. त्या न करता उपचार देणे म्हणजे अंधारात चाचपडणे होय. हर-२चा गुण ० किंवा १+ असेल तर निगेटिव्ह, ३+ असेल तर पॉझिटिव्ह. २+ हा अधांतरी निकाल असून त्यासाठी ‘फिश’ नावाची जनुकीय तपासणी करावी लागते.

या चाचण्यांसाठी स्तनाची ऊती एका तासाच्या आत फॉर्मॅलिनमध्ये पडावी आणि त्यात ६ ते ७२ तास राहावी, असा संकेत आहे. प्रश्न ३ मधील आग्रहामागे हेही एक कारण आहे.

११. डेंग्यूच्या साथीत एका लॅबने प्लेटलेट ४० हजार सांगितल्या, दुसरीने दोन तासांत १ लाख ८० हजार. खोटे कोण?

बहुधा दोघेही नाहीत. रक्त गोठू नये म्हणून नळीत ईडीटीए असते. काही थोड्या लोकांच्या रक्तात या ईडीटीएमुळेच प्लेटलेट एकमेकींना चिकटून पुंजके होतात आणि यंत्र त्या पुंजक्यांना प्लेटलेट म्हणून मोजत नाही. सुईतून रक्त फार हळू आले किंवा नळी नीट हलवली गेली नाही, तरी असेच होते. काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की पुंजके स्पष्ट दिसतात. मग सायट्रेटच्या नळीत रक्त घेऊन पुन्हा मोजतात. म्हणून कमी आलेला आकडा काचपट्टीवर पडताळल्याची नोंद रिपोर्टमध्ये आहे का, हे पाहावे. रक्तस्राव नाही, रुग्ण बरा आहे आणि आकडा मात्र भयंकर, अशा वेळी प्लेटलेटच्या पिशवीसाठी रक्तपेढीकडे धावण्याआधी लॅबला फोन करावा.

असाच गोंधळ तालमीत मेहनत करणाऱ्या मुलांच्या रिपोर्टमध्ये होतो. एसजीओटी हे विकर यकृताप्रमाणेच स्नायूंतही असते, त्यामुळे जोर-बैठका आणि कुस्तीनंतर ते वाढलेले दिसते. मूत्रपिंडासाठी तपासले जाणारे क्रिएटिनीनही स्नायूंतूनच येते आणि आदल्या रात्रीच्या मटणाने थोडे वर जाते. काही दिवस विश्रांती देऊन तपासणी पुन्हा करावी. आणि उपाशीपोटीची साखर द्यायला येताना गंगावेशीतील कट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊन आल्यास ती उपाशीपोटीची राहत नाही.

१२. मानेतील गाठीत ‘टीबीसारखे’ दिसते म्हणतात, पण जंतू दिसला नाही. मग औषध नऊ-नऊ महिने का घ्यायचे?

क्षयरोगात शरीर जंतूंभोवती पेशींचा वेढा घालते. त्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. त्याच्या मध्यभागी पनीरासारखा मृत भाग दिसला, तर आपल्याकडे क्षयाची शक्यता फार मोठी असते. पण ग्रॅन्युलोमा बुरशीने, सार्कॉइडोसिसने किंवा शरीरात राहिलेल्या बाह्य वस्तूनेही होतो, म्हणून आम्ही ‘टीबीशी सुसंगत’ असे मोजून-मापून लिहितो. असे शब्द टाळाटाळीचे वाटतात. वास्तविक पुरावा जेवढा आहे तेवढेच विधान करण्याची ती रीत आहे, आणि पुढचा निर्णय रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांनी इतर तपासण्यांशी ताडून घ्यायचा असतो.

लसिकाग्रंथीत जंतू थोडे असतात, त्यामुळे झील-नील्सन रंग दिल्यावरही ते न दिसणे सामान्य आहे. सीबीनॅट या जनुकीय चाचणीत ते सापडण्याची शक्यता वाढते आणि रिफॅम्पिसिन हे क्षयाचे औषध लागू पडेल का, हेही कळते. कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीला, जिवंत जंतू लागतात आणि फॉर्मॅलिन त्यांना मारते. म्हणून क्षयाचा संशय असेल तेव्हा ग्रंथीचे दोन भाग करावेत : एक फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये, आणि दोन्ही बाटल्यांवर तसे लिहावे. औषधाचा कालावधी किती, हे उपचार करणारे डॉक्टर ठरवतील.

१३. मुंबईला दाखवायला गेलो, तिथे रिपोर्ट बदलला. कोल्हापूरचा चुकला होता का?

कधी चुकलेला असतो, हे मान्य केले पाहिजे. बहुतेकदा मात्र कॅन्सर आहे हे तेच राहते आणि त्याचा उपप्रकार किंवा ग्रेड बदलतो, कारण तेथे जास्त आयएचसी होतात आणि त्या एकाच अवयवाचे काम करणारे पॅथॉलॉजिस्ट असतात. अवघड गाठी आम्ही स्वतःहून इतरांना दाखवतो. दुसरे मत मागितल्याने कोणी नाराज होईल, हा संकोच ठेवू नये.

परळला टाटा रुग्णालयात किंवा अन्यत्र जाताना कागदाबरोबर स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही न्यावेत. लॅबला एक-दोन दिवस आधी सांगावे. ब्लॉक मेणाचे असतात. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ते ठेवू नयेत. काम झाल्यावर ते परत आणून द्यावेत, कारण पुढे नवी तपासणी करायची झाल्यास तुकडा तेवढाच उरलेला असतो.

१४. पोस्टमार्टेम झाले, तरी मृत्यूचे कारण ‘राखून ठेवले’ असे लिहिले. लॅबमध्ये काय अडले आहे?

पोस्टमार्टेम न्यायवैद्यक विभागाचे किंवा शासकीय वैद्यकीय अधिकारी करतात. डोळ्यांना कारण दिसले नाही तर अवयवांचे भाग दोन ठिकाणी जातात. सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीसाठी ते फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजी विभागाकडे येतात. विषाच्या तपासणीसाठी मिठाच्या संपृक्त द्रावणात न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे जातात, कारण फॉर्मॅलिन रासायनिक तपासणीत अडथळा आणते. हृदयाचा झटका येऊन काही तासांतच मृत्यू झाला असेल तर स्नायूतील बदल सूक्ष्मदर्शकाखालीही दिसू लागलेले नसतात. तेव्हा आम्ही रक्तवाहिन्यांतील अडथळा तेवढा नोंदवतो. आमचा रिपोर्ट नातेवाइकांच्या हाती न देता पोस्टमार्टेम करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे जातो आणि अंतिम मत ते पोलिसांना कळवतात. विम्याच्या कागदांसाठी चौकशी करायची असल्यास पोस्टमार्टेमचा क्रमांक घेऊन तेथेच जावे.